व्हिएतनाममधनं पुढं कुठं: जपान, मस्कत की परत कोरेगाव?

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझा काही घोळ झाला असेल तर तुला लगेच कळेल. तू कोरेगावची, वय ३१, दहावीपर्यंत मराठी मिडियम, शिवाजी विद्यापीठाचं बी.ए. इंग्लिश, वर ऑनलाइन १२० तासांचं टेफल (परदेशात इंग्लिश शिकवण्याचा कोर्स), आणि चार वर्षं व्हिएतनाममध्ये हायफाँगला एका लँग्वेज सेंटरमध्ये शिकवतेस, तासाला साडेतीन लाख डोंग म्हणजे आपले साडेअकराशेच्या आसपास, आठवड्याला २२ तास, सगळे संध्याकाळचे आणि शनिवार-रविवारचे. आता जीव विटलाय, घरी आईचे गुडघे गेलेत, आणि समोर तीन वाटा आहेत. जपानला एएलटी, म्हणजे शाळेतली सहाय्यक इंग्लिश शिक्षक, नाहीतर मस्कतच्या इंडियन स्कूलची ऑफर जी पुण्याचा एक कन्सल्टंट १ लाख ८० हजारात करून देतोय, नाहीतर सगळं गुंडाळून घरी. आणि शेवटी "मॅडम, तुम्ही माझ्या जागी असता तर कुठं गेला असता?" असं विचारलंयस.

तुझ्या जागी मी होते की. अगदी त्याच खुर्चीत.

मी सांगलीची. एम.ए. केलं, तासगावकडच्या एका कॉलेजात तीन वर्षं तासिका तत्त्वावर घासले, मानधन कधी दिवाळीला तर कधी थेट मार्चअखेर, आणि २००८ ला वैतागून थायलंडला गेले. दोन वर्षं तिथं, मग दोन वर्षं सायगावला, मग परत येऊन सांगलीत बी.एड., मग २०१४ ते २०२१ मस्कत. आता विश्रामबागला घरीच क्लास घेते, आयईएल्ट्सची पोरं, आयर्लंडला निघालेल्या नर्सेस वगैरे. तुला तू म्हणतेय, राग मानू नको, तुझ्या वयाच्या किती तरी मुली शिकवल्यात.

थायलंडचा पहिला दिवस सांगते, कारण त्यात तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. बँकॉकपासून तीन तासांवरचं गाव, चौथीचा वर्ग, ४८ पोरं. मी पेन हातात धरून ऐटीत म्हटलं, "धिस इज अ पेन". मागच्या बाकावरनं हशा. परत म्हटलं, परत हशा. मला काही उमजेना. मधल्या सुट्टीत थाई को-टीचरनं समजावलं की त्यांच्या भाषेत प दोन आहेत, एक हवा न सोडता म्हणायचा आणि एक हवा सोडून, आणि आपण मराठी माणसं पेन म्हणतो तो बिनहवेचा, पदरातला प, आणि तसा 'पेन' थाईत म्हणजे जवळजवळ आपलं 'असणे'. म्हणजे मी हातात पेन धरून पोरांना सांगत होते की हे एक असणे आहे. स्टाफरूममध्ये एका स्कॉटिश मास्तरनं तोंडासमोर कागदाची पट्टी धरून पेन म्हटलं, पट्टी टणकन उडाली. मी म्हटलं, पट्टी ढिम्म. मग पंधरा दिवस रोज रात्री आरशासमोर पट्टी धरून पेन, टी, केक, पेन, टी, केक. एम.ए. करताना शेक्सपियर वाचला होता, पण पट्टी कुणी हातात दिली नव्हती.

पट्टी उडवायला शिकले, पोरं पण छान शिकली, पण पगार काही उडला नाही. एजन्सीनं सांगून ठेवलेलं की पालकांनी विचारलं तर साऊथ आफ्रिकेची आहे म्हणा. पोरांना मी कुठली याचं काही पडलेलं नव्हतं, एजन्सीच्या बिलाला मात्र पडलेलं होतं. त्याच शाळेत तो स्कॉटिश मास्तर, नुसता पदवीधर, माझ्या जवळजवळ दुप्पट घेत होता. वर करार दहा महिन्यांचा, थायलंडमध्ये शाळा मेच्या मध्याला सुरू होऊन मार्चला संपते, मधल्या दिवसांचा पगार नाही, खोलीचं भाडं मात्र आहे. म्हणून चिडून व्हिएतनामला गेले. वाटलं देश बदलला की नशीब बदलेल. सायगावला महिन्याभरात कळलं की मी नुसती एसटी बदललीय, सीट तीच, मागच्या चाकावरची. तासावर पैसे, टेटला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, वर्ग बंद म्हणजे कमाई बंद, आणि नवीन गोरा आला की माझी चांगली बॅच त्याच्या हातात.

तर बघ, आपल्या पासपोर्टवर इंग्लिश शिकवायला बाहेर पडणाऱ्याला दोन बाजार आहेत. एक 'नेटिव्ह स्पीकर'वाला, सेंटर, एएलटी, किंडरगार्टन, तिथं तू कितीही चांगली असलीस तरी रांगेत मागं. दुसरा शाळेतल्या शिक्षकाचा, तिथं पासपोर्टपेक्षा बी.एड. आणि बोर्डाचा अनुभव बघतात, आणि गल्फमधल्या सीबीएसई शाळांत तर भारतीय शिक्षक असणं हेच नेहमीचं. तू पहिल्या बाजारातनं पहिल्याच बाजारात उडी मारायला बघतेयस (जपान), किंवा दुसऱ्या बाजारात मागच्या दारानं शिरायला (मस्कत). माझा विरोध देशांना नाही, या दोन्ही उड्यांना आहे.

जपानचं आधी मिटवून टाकू. सरकारी शाळांत एएलटीला जो इन्स्ट्रक्टर व्हिसा लागतो त्यात अट आहे की जी भाषा शिकवणार त्या भाषेतनं किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं पाहिजे. तुझी दहावीपर्यंतची दहा वर्षं मराठीत गेली, पुढं अकरावी-बारावी आणि बी.ए. इंग्लिशमधनं धरलं तरी पाचच होतात. कुणी एजंट "मॅनेज करतो" म्हणाला तर त्याला नमस्कार कर. प्रायव्हेट संभाषणाच्या शाळा असतात, एइकाइवा म्हणतात, त्यांचा व्हिसा वेगळा, त्याला पदवीवर चालतं, पण ते परत सेंटरच आहे, फक्त थंडी जास्त आणि घरभाडं जास्त. जपानीच शिकायची हौस असेल तर गोष्ट वेगळी, ती हौस तुझ्या मेसेजमध्ये मला तरी दिसली नाही.

कोरियाचं तू विचारलं नाहीस पण विचारशीलच, सगळे विचारतात. तिथला ई-२ व्हिसा मुळात सात देशांच्या लोकांना, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, साऊथ आफ्रिका. २०१० ला लागू झालेल्या भारताबरोबरच्या व्यापार करारात आपल्याला सहाय्यक शिक्षक म्हणून दार किलकिलं केलं, पण त्याला शिक्षकी पात्रता लागते, म्हणजे परत गाडी बी.एड.वर येते. चीनमध्ये २०२१ ला खासगी ट्यूशनवर वरवंटा फिरवला, तिकडं बघूच नको.

आता मस्कत. हे मला नीट माहितीय, सात वर्षं काढलीत. सकाळी सव्वासातला शाळा, दीडला सुट्टी, शुक्रवार-शनिवार मोकळा, दुपारी झोप काढून संध्याकाळी समुद्रावर. सेंटरवाल्या आयुष्यानंतर हे म्हणजे स्वर्ग, खोटं कशाला बोलू. पगार डोळे फिरवणारा नाही, पण बारा महिने येतो, सुट्टीतसुद्धा येतो, आणि नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते. ओमानच्या २०२३ च्या कामगार कायद्यात वर्षामागं एक महिन्याचा मूळ पगार आहे, दुबईकडं पहिली पाच वर्षं वर्षाला २१ दिवसांचा. यातली मेख 'मूळ पगार' या शब्दात. ऑफर लेटरवर एकूण आकडा छान दिसतो आणि त्यात मूळ पगार निम्मा, बाकी भत्ते, मग ग्रॅच्युइटी त्या निम्म्यावर. तुझ्या ऑफरमध्ये मूळ किती, लिहिलंच नाहीस. लिहिलंय का त्यात?

आणि तुझ्या ऑफरमधल्या तीन गोष्टी मला खटकल्या. पद 'असिस्टंट टीचर' आहे, कारण तुला बी.एड. नाही, आणि असिस्टंटचा शिक्षक तिथं आपोआप होत नाही, माझ्याबरोबरची एक केरळची मुलगी चार वर्षं असिस्टंटच राहिली आणि शेवटी बी.एड.लाच परत गेली. दुसरं, "आधी व्हिजिटवर या, मग व्हिसा बदलू". व्हिजिट व्हिसावर काम करणं बेकायदा आहे, पकडली तर शाळा म्हणेल ही कोण आम्हाला माहीत नाही. खरी शाळा एम्प्लॉयमेंट व्हिसा हातात आल्याशिवाय तिकीट काढायला सांगत नाही. तिसरं ते १ लाख ८० हजार. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटकडं परराष्ट्र खात्याची नोंदणी लागते, ईमायग्रेटच्या साइटवर नाव शोध, आणि त्याला उमेदवाराकडनं जास्तीत जास्त ३० हजार आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. पावतीवर ३० आणि बाकी "सर्व्हिस" म्हणून रोख मागत असेल तर तुला कळायचं ते कळलंच.

माझा मामा खानापूर तालुक्यातला, कोइमतूरला गलाईच्या धंद्यात. आपल्या विट्याकडची ही माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर कुठं कुठं जाऊन बसलीत, भाषा येत नसताना. मी थायलंडला निघाले तेव्हा मामानं एकच प्रश्न विचारला, "तिथं आत्ता काम करणाऱ्या कुणाशी बोललीस का? धाडणाऱ्याशी न्हवं, करणाऱ्याशी." मी बोलले नव्हते. तू त्या शाळेतल्या कुठल्या टीचरशी बोललीस का? शाळेच्या साइटवर स्टाफची नावं असतात, एखादीला शोधून सरळ विचार की तुमचा पगार किती तारखेला होतो. तारीख विचारायची, आकडा नाही. आकडा कुणी सांगत नाही, तारीख सगळे सांगतात आणि तारखेवरनं शाळा कळते.

मग मी काय करेन. मी तिसरी वाट घेईन, पण तू म्हणतेस तशी हरून परत आल्यासारखी नाही. दोन वर्षं कोरेगावला येऊन बी.एड. करेन. माझ्या वेळी एका वर्षात व्हायचं, २०१५ पासून दोन वर्षांचं झालं. बाहेर बसून ऑनलाइन करता येईल का असं तू विचारशील, तर मुक्त विद्यापीठाचं बी.एड. आधीच शाळेत नोकरीला असलेल्या शिक्षकांसाठी आहे, हायफाँगच्या सेंटरचा अनुभव त्यात धरत नाहीत. तेव्हा सीईटी देऊन रेग्युलरच करायचं. साताऱ्यात रयतचं आझाद कॉलेज आहे, कोरेगावातनं एसटीनं जाऊन येऊन होतं. आईचे गुडघे पण त्याच दोन वर्षांत करून घे, ऑपरेशन एका दिवसाचं असतं पण नंतरचे तीन महिने घरात माणूस लागतो, आणि ते माणूस शेजारची काकू होऊ शकत नाही.

पैशाचं काय म्हणशील. व्हिएतनामची घड्याळं आपल्या दीड तास पुढं. तिथली संध्याकाळी सातची बॅच म्हणजे आपले साडेपाच. तुझी आत्ताची दहा-बारा पोरं, ज्यांचे पालक तुला मानतात, ती ऑनलाइन चालू ठेव, कॉलेज सुटलं की घरी येऊन दोन तास. सेंटरच्या करारात पोरं फोडू नयेत असं कलम असेल तर आधी वाच बाई, भांडण करून निघू नको. ऑनलाइनला निम्मे पैसे मिळाले तरी कोरेगावला ते भरपूर होतात. इथल्या नोकरीशी तुलना करून बघ हवं तर, शिक्षण सेवकाचं मानधन २०२३ ला वाढवलं तेव्हा माध्यमिकला १८ हजार झालं, आणि ते सुद्धा शिक्षक अभियोग्यता चाचणी, भरतीचं पवित्र पोर्टल असे सगळे उंबरे ओलांडल्यावर. म्हणून मी तुला "घरी ये आणि इथंच नोकरी बघ" असं म्हणतच नाहीये. बी.एड. झालं की शाळेत वर्ष-दोन वर्षं उभी राहा, सीबीएसई मिळाली तर उत्तम, पगार कितीही असू दे, आणि मग ३५ व्या वर्षी टीचर म्हणून मस्कतला जा, असिस्टंट म्हणून नाही. गल्फच्या इंडियन स्कूलचं सेशन एप्रिलला सुरू होतं, जाहिराती डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत येतात, त्या हिशोबानं कागद तयार पाहिजेत.

बी.एड. नकोच असेल, म्हणजे शाळा, हजेऱ्या, पालकसभा हे तुझ्यानं होणारच नसेल (काहींना खरंच होत नाही), तर निदान सेल्टा कर, केंब्रिजचा इंग्लिश शिकवण्याचा कोर्स. चार-पाच आठवडे फुलटाइम, आणि त्यात सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवताना मागं ट्रेनर निरीक्षणाला बसलेला असतो. ऑनलाइन टेफल आणि सेल्टा यात रंगीत झेरॉक्स आणि ओरिजिनल एवढा फरक आहे. हनोईला, सायगावला होतो. महाग आहे. पण मग सेंटरमध्येच राहून सीनियर टीचर, ट्रेनर अशी शिडी तरी दिसते. मी केला नाही, तेव्हा पैसे नव्हते, त्याची चुटपुट अजून आहे.

आता निघण्याआधीची कामं, कारण इथं लोक लाखाचं नुकसान करून घेतात. तुझं वर्क परमिट आहे असं धरतेय. आहे ना? करार वर्षाचा किंवा जास्त असेल तर २०२२ पासून परदेशी माणसाच्या पगारातनं पेन्शनचे ८ टक्के कापतात, मालक त्याच्यावर भरतो, आणि नोकरी संपवून देश सोडताना ते एकरकमी मागता येतात. सेंटर आपणहून सांगत नाही. पगाराच्या स्लिपवर बघ, कापलेत का, आणि कापून भरलेत का, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विमा पुस्तिका मागून घे. तिथला पोलिस दाखला पण तिथं असतानाच काढ, पुढची कुठलीही शाळा तू जिथं जिथं राहिलीस तिथला मागणार आणि कोरेगावात बसून हायफाँगचा दाखला काढणं म्हणजे काय ते मला विचार, मी सांगलीत बसून सायगावचा काढलाय.

डिग्रीचं अटेस्टेशन व्हिएतनामसाठी केलंयस ते ओमानला कामाला येणार नाही, तिथं अपोस्टिल लागतं, म्हणजे आधी मंत्रालय मग परराष्ट्र खातं. पासिंग सर्टिफिकेटवर अवलंबून राहू नको, पदवीदान समारंभाचं मोठं सर्टिफिकेटच जवळ ठेव, तू घेतलंयस का विद्यापीठातनं? अर्ध्या पोरांनी घेतलेलंच नसतं. आणि बँकेत अजून साधंच सेव्हिंग खातं चालवत असशील तर ते एनआरओ (परदेशात राहणाऱ्यांचं खातं) करायला हवं होतं, चार वर्षं झाली. पीपीएफ असेल तर राहू दे, मुदतीपर्यंत चालतं, एनआरआय असताना नवीन मात्र उघडता येत नाही.

आईचं तू एका ओळीत लिहिलंस आणि लगेच पुढं गेलीस, मी पण तसंच करायचे. ऑगस्ट २०१९ ला सुट्टी संपवून मस्कतला पोचून मला चार दिवस झालेले आणि सांगलीत पाणी चढायला लागलं. आयर्विन पुलापाशी ४५ फुटाला धोका धरतात, तेव्हा ५७ च्या वर गेलं. मी नववीच्या वर्गात टेन्स शिकवतेय आणि मोबाईल ड्रॉवरमध्ये थरथरतोय. बाबा एकटे, पहिल्या मजल्यावर, लाइट गेलेली, आणि ते शेवटपर्यंत सांगत होते "आपल्याकडं येत नाही गं पाणी, २००५ ला पण आलं नव्हतं". तिसऱ्या दिवशी बोटीतनं त्यांना काढून मिरजेला मावशीकडं नेलं, ते मला एका अनोळखी मुलाच्या व्हिडिओत दिसलं, बोटीत बाबा आणि त्यांच्या मांडीवर शेजाऱ्यांचं मांजर. रजा मागितली तर प्रिन्सिपल म्हणाले, आत्ताच तर सुट्टी संपलीय. ते चुकीचे नव्हते. मी अजून दोन वर्षं राहिले. तेव्हा लगेच आले असते तर काही वेगळं झालं असतं असंही नाही, पण तो ड्रॉवर मी विसरत नाही. मस्कतहून मुंबई विमानानं तीन तास आहे म्हणून जवळ वाटतं, पण रजा नसेल तर तीन तास काय आणि तीस काय.

म्हणून आधी दोन वर्षं आईबरोबर काढ आणि मग जा, असा क्रम सांगतेय. उलटा क्रम मी केला.

कन्सल्टंटला अजून पैसे दिले नसशील तर देऊ नको, आणि टोकन दिलं असेल तर किती ते खरं सांग. तू टेटला येणार म्हणालीस ना, तेव्हा मस्कतच्या ऑफरची सही न केलेली कॉपी आणि तुझ्या गेल्या सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा घेऊन सांगलीला ये. कोरेगावला रेल्वेत बसलीस की सांगली स्टेशन, तिथनं विश्रामबाग रिक्षानं. संध्याकाळी सातनंतर ये, तोवर माझी बॅच असते, आणि आईला पण आण, तिचं काय म्हणणंय ते मला तिच्याच तोंडून ऐकायचंय.